खाणीकाठच्या गावांत ‘कंपनीचा माणूस’ होताना

नोकरीतलं माझं पहिलं आश्वासन मी चुकून दिलं, आणि तेही कानडीत.

मी मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा. शाळा मराठी. कानडी पास होण्यापुरती शिकलो आणि कॉलेजला कोल्हापूरला गेल्यावर तीही विसरलो. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एम.ए. म्हणा) झाल्यावर पहिली नोकरी लागली ती बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांच्या हद्दीवर, चुनखडीच्या पट्ट्यात. सिमेंटसाठी चुनखडी काढणाऱ्या खाणीचा सीएसआर विभाग, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीची कामं बघणारा. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका गावात मारुतीच्या कट्ट्यावर बैठक होती. एका आजोबांनी देवळाभोवती भिंत मागितली. आमच्या साहेबांनी आधीच पढवून ठेवलं होतं, की कुठल्याही मागणीला ‘नोडोण’ म्हणायचं. म्हणजे ‘बघू’. मी उठलो, घाबरलो आणि ठणठणीत आवाजात ‘माडोण’ म्हणालो. म्हणजे ‘करूया’. टाळ्या पडल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ‘बघू’ला टाळ्या कोण वाजवतं?

ती भिंत पुढे चार महिने माझ्या मानगुटीवर बसली. तिचं काय झालं ते पुढे येईलच. दर वर्षी जून-जुलैत एमएसडब्ल्यूची पोरं फोन करतात. ‘दादा, मायनिंग कंपनीत सीएसआरला जागा निघालीय, जाऊ का?’ प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

दान आणि देणं

नवीन माणूस या कामात येतो तो वाटप करायला. दप्तरं, वह्या, चष्मे, शिलाई मशीन. मीही तसाच आलो. पहिल्याच दप्तरवाटपात एक बाई रांगेत न येता बाजूला उभी होती. विचारलं तर म्हणाली (कानडीतून, मला सहकाऱ्याने सांगितलं), ‘धूळ माझ्या मक्यावर बसते. दप्तर पोराला देता. मक्याचं कोण बघणार?’

त्या दिवशी मला हिशेब कळला नाही, पुढे कळला. गावाच्या मनात कंपनीची दोन खाती असतात. एक दानाचं, एक देण्याचं. दानाच्या खात्यात कितीही जमा केलं तरी देण्याच्या खात्यातली बाकी कमी होत नाही. कंपनीची माणसं मात्र दोन्ही एकाच वहीत मांडतात आणि मग ‘एवढं करूनही गाव खूश नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात.

गंमत म्हणजे कायदाही ही खाती वेगळीच धरतो. नोकरीला लागण्याआधी एवढं तरी डोक्यात पक्कं करा.

पहिलं खातं सीएसआरचं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता किमान ५०० कोटी किंवा उलाढाल किमान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी रुपये, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. सरासरी नफा ५० कोटी असेल तर वर्षाला १ कोटी. ऐकायला मोठं वाटतं. बारा-पंधरा गावांत वाटा, त्यातून एखाद्या शाळेची इमारत काढा, मग काय उरतं ते बघा. शिवाय हा पैसा नफ्यावर आहे. सिमेंटचा भाव पडला की गावाची टाकी लांबते. गावाला हे कुणी सांगत नाही.

दुसरं खातं कंपनीचं नसतंच, पण गाव तुमच्याकडेच मागतं. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, सगळे ‘डीएमएफ’ म्हणतात. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणबाधितांसाठी हा निधी आला. १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा खाणपट्टा असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावाने दिलेला असेल तर १० टक्के, रॉयल्टीवर जादा भरायचे. रॉयल्टी म्हणजे काढलेल्या खनिजावर सरकारला द्यायची रक्कम. साध्या चुनखडीची टनाला ८० रुपये. म्हणजे जुन्या पट्ट्यातून निघालेल्या प्रत्येक टनामागे २४ रुपये डीएमएफला. वर्षाला १० लाख टन काढणारी खाण २ कोटी ४० लाख भरते, आणि नफा झाला का तोटा याच्याशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच ठिकाणी ही रक्कम सीएसआरपेक्षा मोठी निघते. ती जाते जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि त्यातला मोठा वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा निकडीच्या कामांना द्यायचा असतो. सुरुवातीच्या नियमात किमान ६० टक्के होता, २०२४ पासून ७० टक्के आहे. मला हे सगळं नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. त्याआधी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) विचारायचे, ‘डीएमएफला अर्ज कुणाच्या नावाने करायचा?’ आणि मी मान हलवायचो.

तिसरं ते खरं देणं. पर्यावरण परवानगीच्या अटी. ‘ईसी’ म्हणतात तिला. खाणीच्या रस्त्यावर पाणी मारायचं, ट्रकवर ताडपत्री टाकायची, वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवायची, झाडं लावायची, विहिरींची पातळी मोजायची. हे उपकार नव्हेत आणि सीएसआरमध्ये दाखवताही येत नाहीत, कारण कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. मक्यावरच्या धुळीची तक्रार इथली. दप्तराने ती मिटणार नव्हतीच.

म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यात कंपनीचा सीएसआर अहवाल वाचू नका, त्यात फोटो छान असतात. ईसीचं पत्र मागा. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, तोही मागा. ‘ते एन्व्हायर्न्मेंटवाल्यांचं काम, तुला कशाला?’ असं उत्तर आलं तर त्या ऑफिसात दोन खात्यांची एकमेकांशी ओळख नाही हे समजा. तरी मागा. ईसीची पत्रं सरकारच्या परिवेश पोर्टलवर मिळतात, तिथून काढता येतात. मी ते पत्र छापून, मुख्य अटी कानडीत करून घेऊन पिशवीत ठेवायला लागलो आणि माझ्या बैठकांची तऱ्हाच बदलली. आमचे एक अधिकारी रागावले. ‘तू गावाचा वकील आहेस का?’ मी म्हटलं, साहेब, गावाला अटी माहीत नाहीत म्हणून ते नोकरी, भिंत, डीजे सगळंच मागतात. अटी कळल्या तर नेमकं मागतील, आणि नेमकं मागितलेलं देणं आपल्यालाच सोपं. ते गप्प बसले. पटलं का नाही, देव जाणे.

जनसुनावणी

जमलं तर नोकरी धरण्याआधी एखादी जनसुनावणी बघून या. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार नव्या किंवा वाढीव खाणीसाठी ती घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना येते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष. सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी लोकांनी मांडलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असतात, आणि नेमक्या त्या वेळी मंडपात जेवणाची गडबड उडालेली असते. तुम्ही तेव्हा जेवायला जाऊ नका. काय वाचलं आणि काय राहिलं, ते टिपा. सुनावणीत कंपनीने जे कबूल केलं ते पुढे आराखड्यात जातं आणि पाच वर्षांनी तुमच्याच टेबलावर येतं.

मी बघितलेल्या एका सुनावणीत एक शेतकरी माइकवर आला आणि एवढंच म्हणाला, की स्फोटाचा भोंगा वाजतो तेव्हा माझी म्हैस दूध चोरते. मंडप हसला. मीही हसलो. वर्षभराने त्याच वाडीत स्फोटाची वेळ सकाळच्या धारेपासून दूर, दुपारी ठेवायचं ठरलं. हसण्यासारखं काही नव्हतं.

स्फोटावरून आठवलं. घराच्या भिंतींना तडे हा हमखास निघणारा विषय. खाणीवाले म्हणणार, कंपन मर्यादेत आहे, यंत्राचा आकडा बघा. घरवाला म्हणणार, तडा बघा. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात आपोआपही तडकतात. यावर एकच इलाज मला सापडला. खाण पुढे सरकण्याआधी जवळच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे फोटो, तारखेसकट, घरमालकाच्या सहीसकट. एक प्रत त्याच्या घरी. कंटाळवाणं काम आहे, दोन महिने गेले. पण नंतरच्या तक्रारीत भांडण तड्यावर झालं, माणसांवर गेलं नाही.

सीमेवरची दोन दप्तरं

चुनखडीच्या पट्ट्यात साडेतीन वर्षं काढून मी एका संस्थेत आलो. ही संस्था कंपन्यांच्या पैशातून गावांत कामं करते. आमची काही गावं बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, म्हणजे कर्नाटकात, काही चंदगडकडे, महाराष्ट्रात. आता मराठीच मराठी, म्हणून मी निर्धास्त झालो. तिथेच फसलो.

वेंगुर्ला रोडने शिनोळीत शिरलं की माणसं तीच, बोली तीच, पाहुणे एकमेकांचे, पण दप्तर बदलतं. अलीकडे पंचायतीचा अध्यक्ष आणि पीडीओ, पलीकडे सरपंच आणि ग्रामसेवक (आता कागदावर ‘ग्रामपंचायत अधिकारी’). अलीकडे उतारा, पलीकडे सातबारा. बायकांच्या गटांचं म्हणाल तर अलीकडे स्त्रीशक्ती संघ आणि संजीवनी, पलीकडे बचत गट आणि उमेद. शाळेची समिती अलीकडे एसडीएमसी. मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात अर्ज लिहून घेतला तो ‘सरपंच, ग्रामपंचायत’ म्हणून. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, ‘सरपंच पाहिजे तर शिनोळीला जावा की.’ अर्ज परत लिहिला, कानडीत.

पैशाचीही तीच कथा. यमनापूरला अ‍ॅल्युमिनाचा मोठा कारखाना आहे, आता हिंदाल्कोचा, जुनी माणसं अजून ‘इंडाल’च म्हणतात. बेळगावात कित्येक घरं त्या भोंग्यावर वाढली. त्याला लागणारं खनिज, बॉक्साइट, मात्र येत आलं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-चंदगडच्या सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरून. आता डीएमएफ कुठल्या जिल्ह्याचा? खाणपट्टा जिथे तिथला. कारखाना कर्नाटकात म्हणून बेळगावला तो मिळत नाही. हे समजावून सांगताना मी एका टपरीवर नकाशा काढला होता, चहाच्या पाण्याने, फळीवर.

टपरीवर सीमाप्रश्नावरही मत विचारतील. तुम्हाला मत असेलच, इथल्या कुणाला नसतं? ते घरी ठेवा. मात्र भाषेचा प्रश्न टाळता येत नाही, तो कामातच येतो. एका गावात पाण्याची टाकी बांधून झाली. नळ आले, पाणी आलं आणि उद्घाटन पाच आठवडे लांबलं, कारण पाटी कुठल्या भाषेत, कुठली वर, कुठली खाली. प्रत्येक बाजूचं म्हणणं ऐकून मी थकलो. शेवटी पाणी भरणाऱ्या बायकांनी तोडगा काढला. टाकीवर कुणाचंच नाव नको, फक्त पाण्याची वेळ लिहा. ‘सकाळी ६ ते ८’ आणि खाली तेच कानडीत. कंपनीचा लोगो राहून गेला, म्हणून फोटोला माझ्या साहेबांचा चेहरा पडला. पाणी मात्र सुटलं.

झरा मोजायची रीत

सड्यावरची गावं चुनखडीच्या गावांपेक्षा निराळी. वर जांभ्याचं पठार, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाली उताराला झरा होऊन निघतं. बॉक्साइट त्या पठारातच असतं. म्हणून तिथे पहिला प्रश्न पाण्याचा. एका धनगरवाड्यावर आम्ही टाकीचा प्रस्ताव घेऊन गेलो तर एक म्हातारी म्हणाली, ‘टाकी बांधा की, कोण नको म्हणतंय? पण मी म्हणतो, झऱ्याचं काय ते आधी सांगा.’ (आमच्याकडे बायकाही ‘मी म्हणतो’ म्हणतात. बाहेरून येणाऱ्यांनी दचकू नये.)

झऱ्याचं काय, हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. झरा आधी किती होता तेच कुणी मोजलेलं नव्हतं. मग तिथल्याच दोन पोरींनी मोजायला सुरुवात केली. यंत्र नाही, काही नाही. ठरलेली घागर झऱ्याखाली धरायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघायचं. दर सोमवारी. मार्च, एप्रिल, मे, आणि मग पावसानंतर पुन्हा. शंभर पानी वहीत तारीख, सेकंद, सही. दोन उन्हाळ्यांनंतर ती वही बैठकीत ठेवली तेव्हा इंजिनीअर लोक खुर्ची पुढे ओढून बसले. या सगळ्या काळात मी केलेल्या कामांत सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात उपयोगी हेच. त्याला ‘बेसलाइन’ म्हणतात, पण बेसलाइन म्हणून एजन्सीकडून जे जाड पुस्तक येतं त्यात कुटुंबांची संख्या असते, घागरीचे सेकंद नसतात.

चाललेलं आणि फसलेलं

शिलाई मशीन. प्रत्येक कंपनी देते, का ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही एका गावात चाळीस बायकांना शिकवलं. त्या गावात दोन टेलर होते आणि दोघांनाही वर्षभर काम पुरत नव्हतं. आता चाळिसांतल्या तिघी ब्लाउज शिवतात, बाकीच्यांच्या मशीनवर गणपतीत मखर ठेवतात. अहवालात ‘४० महिला सक्षम’ असं मीच लिहिलं होतं. त्याची लाज वाटते.

आरोग्य शिबिराला माणसं येतात, गोळ्या घेतात, जातात. जनावरांच्या शिबिराला मात्र तीन कोसांवरून येतात. खाणीकाठच्या गावात चराऊ रान कमी झालेलं असतं, जनावर हा तिथला जिवंत प्रश्न. पशुवैद्य महिन्यातून दोनदा ठरल्या वारी आला पाहिजे, एवढीच अट. वार चुकला की विश्वास गेला.

खाणीतलं साठलेलं पाणी हे चुनखडीच्या गावांत आमचं सगळ्यात चांगलं काम. खड्ड्यात पावसाचं आणि झिरपलेलं पाणी साठतं आणि खाण चालवायची तर ते उपसावंच लागतं. ते ओढ्यात सोडण्याऐवजी तपासून गावतळ्यात सोडलं. विहिरी उतरल्याची तक्रार करणारेच पुढे पाइपची राखण करायला लागले. यात दानाचा भाग किती आणि देण्याचा किती, यावर आमच्या ऑफिसात वाद झाला. गावात झाला नाही.

नोकऱ्यांचं विचाराल तर सगळ्यात कठीण हेच. जमीन गेलेल्या घरातला पोरगा समोर बसतो, बी.ए. झालेला, आणि खाणीत पाहिजे असतो डंपर चालवणारा, फिटर, इलेक्ट्रिशियन, मायनिंग मेट (खाणीतला मुकादम), ब्लास्टर. शेवटच्या दोघांना खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. ‘भरती होईल तेव्हा सांगतो’ हे वाक्य कधीही बोलू नका. पोरगा दहावीत असतानाच आयटीआयचा रस्ता दाखवा, आणि पंचवीस-तिशीच्या माणसाला सरळ सांगा की या खाणीत तुझं जमणार नाही, दुसरं काही बघूया. पहिल्यांदा शिव्या खाव्या लागतात. मी खाल्ल्या. एकाने पुढे अवजड गाड्यांच्या टायरचं दुकान टाकलं. तो आता मला चहा पाजतो, पण शिवीही विसरलेला नाही.

आणि हो, तुम्ही स्वतः खाणीत उतरणार असाल तर तुम्हालाही व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, १९६६ च्या नियमांखाली. ‘मी काय, पाहुण्यांना घेऊन नुसता वर उभा राहणार,’ म्हणून टाळू नका. हेल्मेट, बूट, जाकीट न घालता गावकऱ्यांना खाण दाखवायला नेलंत तर सुरक्षेवरचं तुमचं पुढचं कुठलंही भाषण कुणी ऐकणार नाही.

मामाची गोष्ट

माझे मामा चोर्ल्याहून गोव्यात उतरून खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आमच्या भागातले बरेच होते. पगार, भत्ता, शनिवारी घरी येताना पिशवीभर मासे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. मालकांचे हप्ते थकले, ड्रायव्हर घरी आले. पुढे काही सुरू झालं, मग सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं थंड. मामा तोवर जांबोटीजवळ काजू लावून बसले होते. त्यांना विचारलं, कंपनीने गावासाठी काय केलं होतं? म्हणाले, ‘सगळं. बालवाडीतल्या बाईंचा पगारसुद्धा कंपनीच द्यायची.’ थोडं थांबून म्हणाले, ‘म्हणून तर बालवाडी बंद पडली.’

तेव्हापासून कुठल्याही प्रस्तावावर मी पेन्सिलीने एक प्रश्न लिहितो. उद्या खाण थांबली तर हे कोण चालवणार? नव्या कायद्यात खाणपट्टा ५० वर्षांचा असतो, पण तो कागदावर. कोर्टाचा निकाल, पडलेला भाव, संपलेला दगड यांतलं काहीही आधी येऊ शकतं. पंचायतीच्या ठरावात देखभालीचा खर्च कुठून, हे लिहून येत नाही तोवर आता मी टाकीचं भूमिपूजन होऊ देत नाही. हे धोरण लोकप्रिय नाही.

किरकोळ पण उपयोगाचं

शिक्षण. एमएसडब्ल्यू चालतं. आमच्या भागातली पोरं कोल्हापूरला ‘सायबर’ कॉलेजला किंवा धारवाडला कर्नाटक विद्यापीठात जातात. पण मी पाहिलेले सगळ्यात चांगले दोघे, एक बीएससी अ‍ॅग्री आणि एक आयटीआय सर्व्हेअर. नकाशा वाचता येणारा माणूस या कामात सोन्यासारखा.

नेमणूकपत्र कुणाचं आहे ते नीट बघा. बऱ्याचदा कार्ड कंपनीचं आणि पगार संस्थेचा किंवा ठेकेदाराचा. त्यात वाईट काही नाही, पण गावात ‘कंपनीचा माणूस’ म्हणून शब्द द्यायचा अधिकार तुम्हाला किती, हे त्यावर ठरतं. संस्थेत जाणार असाल तर तिची सीएसआर-१ नोंदणी आहे का विचारा. एप्रिल २०२१ पासून ती नसेल तर संस्थेला कंपनीचा सीएसआर पैसाच मिळत नाही.

मार्च. न वापरलेला पैसा आता कंपनीला ठेवून घेता येत नाही. चालू प्रकल्पाचा असेल तर वेगळ्या खात्यात आणि नसेल तर सरकारने नेमलेल्या निधीत टाकावा लागतो. त्यामुळे फेब्रुवारीत अचानक सगळ्यांना गावाची आठवण येते. १० मार्चला ‘दोनशे सोलर दिवे कुठे लावता येतील?’ असा फोन आला तर एप्रिलपासून तयार ठेवलेली यादी काढा. यादी तयार नसेल तर दिवे स्मशानाच्या रस्त्यालाही लागतात. लागलेत.

तक्रारीची वही. छापील रजिस्टर ऑफिसात असतंच, ते ऑडिटसाठी. स्वतःची एक ठेवा. तारीख, कोण, काय म्हणाला, मी काय उत्तर दिलं, परत केव्हा जाणार. शेवटचा रकाना महत्त्वाचा. उत्तर ‘नाही’ असलं तरी ठरल्या दिवशी जाऊन ‘नाही’ सांगायचं.

हे मी त्या भिंतीवरूनच शिकलो. देवळाची भिंत सीएसआरच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे कायद्यातल्या चालणाऱ्या कामांच्या यादीत, बसत नाही हे मला चौथ्याच दिवशी कळलं होतं. चार महिने मी त्या गावाच्या रस्त्याने गेलो नाही, लांबचा वळसा घालून पुढच्या गावी जायचो. शेवटी एका सहकाऱ्याने जवळजवळ ओढत नेलं. कट्ट्यावर तेच आजोबा. मी मोडक्या कानडीत सांगितलं, की मला ‘नोडोण’ म्हणायचं होतं, तोंडातून ‘माडोण’ गेलं. क्षणभर शांतता. मग आजोबा जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. माझं गावातलं नाव तिथे पडलं. पोरंटोरं लांबून ओरडायची, ‘माडोण बंदरु!’ माडोण आले!

मागच्या दिवाळीनंतर लोकापूरला एका लग्नाला गेलो होतो, येताना गाडी त्या गावात वळवली. भिंत झाली आहे, गावाने वर्गणी काढून बांधली. चुना अजून नवा दिसत होता. आजोबा कट्ट्यावरच होते. ‘ऊटा आयिता, माडोण?’ म्हणून जेवणाचं विचारलं, बसवून घेतलं, भिंत दाखवली. मग खाणीच्या रस्त्याकडे हात केला. दोन दिवस झाले, पाण्याचा टँकर फिरकला नाही, ज्वारी बघ कशी झालीय. म्हणाले, ‘बरकोरी.’ लिहून घ्या.

मी म्हटलं, आजोबा, ती नोकरी सोडून तीन वर्षं झाली.

‘बरकोरी,’ ते पुन्हा म्हणाले. मी वही काढली, तारीख घातली.